बसकण मारणाऱ्या गाडीचे डॉक्टर

बीडला बदली झाली आणि मी खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकांनी मला गाव विचारलं नाही की घरी कोण कोण असतं तेही विचारलं नाही. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी माझ्या दंडांकडं नीट बघितलं आणि म्हणाले, "बँकेच्या मॅडम ना? गाडी ढकलायची सवय हाय का?"

मी सांगलीकडची. मराठवाड्यात पहिल्यांदाच आलेली. वाटलं, ही इकडची बोलायची पद्धत असेल. म्हणून हसून "हो, हो" म्हटलं आणि खोली मिळाली. ती पद्धत नव्हती, ती अट होती, हे पहिल्याच रविवारी कळलं. माझ्या आधी त्या खोलीत एक धिप्पाड प्राध्यापक राहायचे. त्यांची बदली झाल्याचं दुःख मालकांना शेवटपर्यंत होतं. "एकटा माणूस, पण चढावर ढकलायचा," असं ते आल्यागेल्याला सांगायचे आणि मग माझ्याकडं बघून उसासा टाकायचे.

घरमालक म्हणजे निवृत्त गुरांचे डॉक्टर. सगळी नोकरी चौसाळ्याच्या आसपासच्या खेड्यांत, गोठ्यागोठ्यातून गेलेली. गल्लीत सगळे त्यांना नुसतं 'डॉक्टर' म्हणत आणि त्यांच्या बायकोला 'काकू'. नोकरी संपली, गुरं सुटली, पण हातातली विद्या काही गप्प बसेना. ती सगळी विद्या मग दारातल्या गाडीवर उतरली.

गाडी काळी, गोल पाठीची, रुंद नाकाची. ती बनवणारे लोक तसली गाडी बनवायचं कधीच विसरून गेले असतील. तिला लिंबाच्या सावलीत उभं करायचं, तिच्या अंगावर कपडे वाळत घालायचे नाहीत, बोनेटवर थाप मारायची नाही. "पाठीवर हात फिरवा, थाप कावून मारायली दुनिया?" असं ते पोस्टमनवर ओरडलेले मी ऐकलंय. लांबच्या प्रवासात रेडिएटरला पाणी पाजायचं ते गावाबाहेरच्या गुरांच्या हौदावर. आणि गाडी 'बंद पडली' असं त्यांच्यासमोर कुणी म्हणायचं नाही. गाडी बंद पडत नसे. गाडी बसत असे.

बसलेलं जनावर कसं उठवायचं याचं शास्त्र त्यांच्यापाशी होतं. आधी गाडीभोवती एक फेरी. मग बोनेटवर हात ठेवून ताप बघायचा. मग गळ्यातला स्टेथोस्कोप कानाला लावून डोळे मिटायचे. मग मागं जाऊन, उकिडवं बसून धुराचा वास घ्यायचा आणि "पातळ हाय" किंवा "घट्ट हाय" असं स्वतःशी म्हणायचं. एवढं झाल्यावर मालकाला इतिहास विचारायचा. मालक तेच असल्यामुळे हे सवालजवाब एकटेच करायचे. पण बोनेट? रस्त्यात बोनेट उघडायचं नाही म्हणजे नाही. रोज सकाळी दारात उघडून पाणी घालतील, कौतुकानं पुसतील, पण रस्त्यात हात लावणार नाहीत. "जनावर अडलं म्हणून भर रस्त्यात पोट फाडायचं का? आधी निदान, मंग पोट," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. निदान होईपर्यंत आम्ही बांधावर बसायचो.

हसायला गेलं तर हे सगळं वेडगळ होतं, पण त्या वेडात कधीकधी एकदम शहाणपण निघायचं. एकदा एका पुढाऱ्याची पांढरी, भिंतीएवढी गाडी आमच्या दारासमोरच अडली. ड्रायव्हर फोनवर फोन लावतोय, पुढारी आत घाम पुसतोय, दोन कार्यकर्ते उगीचच टायरला लाथा मारतायत. डॉक्टर धोतर सावरत बाहेर आले. एक फेरी मारली, स्टेथोस्कोप लावला आणि ड्रायव्हरला विचारलं, "सकाळपासून काय खाल्लंय हिनं?"

"अहो काका, गाडी हाय ती."

"ते दिसायलंय मला. डिझेल कदी घातलं?"

ड्रायव्हरचा चेहरा असा उतरला की पुढे विचारायची गरज राहिली नाही. पुढाऱ्यानं डॉक्टरांना हात जोडले आणि ड्रायव्हरला जे काही जोडलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्या दिवसापासून डॉक्टरांची मान अशी ताठ झाली की काकूंनी आठवडाभर त्यांच्याशी बोलणंच सोडलं. "एकदा आंधळ्याच्या हाताला उंदीर लागला, तर लागले मिरवायला," असं त्या मला भाजी निवडता निवडता म्हणाल्या.

काकूंचं आणि गाडीचं जमत नसे. त्याला कारणही होतं. काकूंचं माहेर कडा. बीडहून मांजरसुंब्यावरून पाटोद्याकडं वळायचं आणि पुढे सरळ. रस्ता काही फार अवघड नाही. पण डॉक्टरांच्या गाडीनं काकू आजवर एकदाही कड्याला पोचल्या नव्हत्या. निघायच्या गाडीतून आणि पोचायच्या दुसऱ्या कशानं तरी. कधी दुधाच्या टेम्पोतून, कधी कारखान्याला निघालेल्या उसाच्या ट्रॉलीवर बसून. एकदा तर लग्नाच्या बँडच्या गाडीतून. त्या वेळी बँडवाल्यांनी कौतुकानं वाजवत वाजवत त्यांना दारात उतरवलं होतं आणि अख्खी गल्ली बाहेर आली होती. काकूंच्या भावानं तेव्हापासून फोनवर विचारायची रीतच पाडली, "अक्का, येणार कवा ते सांग, अन् कशातून येणार तेबी सांग."

मी राहायला आल्याच्या दुसऱ्या वर्षी काकूंच्या भाच्याला मुलगी झाली. बारशात बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा. भाच्याला बहीण नाही, तेव्हा तो मान फिरून काकूंकडं आला. काकूंना स्वतःचं मूलबाळ नव्हतं. बाळाच्या कानात नाव सांगायची त्यांची ही पहिलीच पाळी आणि त्या वयात बहुधा शेवटचीही. नाव त्यांनी मनाशी ठरवलेलं होतं आणि ते त्या कुणालाच सांगत नव्हत्या, डॉक्टरांनाही नाही. कोऱ्या साडीची घडी त्यांनी मला तीनदा उघडून दाखवली.

त्यांना पहाटेच्या एस.टी.नं जायचं होतं. डॉक्टर म्हणाले, "घरात गाडी असताना एस.टी.? कड्याचे लोक काय म्हणतील?"

"कड्याचे लोक काय म्हणत्यात ते मला विचारा," काकू म्हणाल्या.

बराच वेळ खडाजंगी झाली. शेवटी काकूंनी पदर खोचला आणि साक्षीला मला उभं केलं. "ही पोरगी ऐकायलीय. यंदा तुमच्या गाडीनं येते. पण तिनं मला बारशाला पोचवलं न्हाई, तर दुसऱ्या दिवशी ही गाडी दारातून गेली पायजे. भंगारात द्या न्हाई तर कुणाला द्या."

डॉक्टरांचा आवाज खाली आला. "दिला शब्द," ते म्हणाले आणि गाडीपाशी जाऊन तिच्या पाठीवरनं हात फिरवत बराच वेळ उभे राहिले. मला त्या वेळी दोघांचीही कीव आली. कारण दोघांनाही माहीत होतं की कडा लांब आहे.

मध्ये पोळा आला. दारात बैल नसले तरी डॉक्टर पोळा सोडत नसत. आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळण असते. दिवसरात्र जू वाहिलेल्या खांद्यांना हळद-तूप चोळायचं आणि बैलांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं निमंत्रण द्यायचं. डॉक्टरांनी गाडीच्या पुढच्या दोन्ही चाकांवरचे फुगवटे हळद-तुपानं चोळले. मग हात जोडून, अगदी गंभीरपणे म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." मी वरच्या खिडकीत हसू दाबत उभी होते. काकू दारात उभ्या होत्या आणि त्या हसत नव्हत्या.

पोळा झाला, दुसऱ्या दिवशीची कर झाली, आणि बारशाच्या दिवशी सकाळीच आम्ही निघालो. पुढे डॉक्टर आणि मी, कारण ढकलायला उतरणाऱ्याला दार जवळ लागतं. मागे काकू, कोरी साडी, बाळंतविडा आणि डबे. गावाबाहेर पडेपर्यंत गाडी कशी शहाण्यासारखी चालली. गाडीत तुपाचा खमंग वास दरवळत होता. "काकू, डब्यात काय आहे?" मी विचारलं. "शेंगदाण्याची चटणी अन् भाकरी," काकू म्हणाल्या.

मांजरसुंब्याचा घाट लागला आणि गाडीला धाप लागली. डॉक्टरांनी पाय दाबला की ती पुढे जायच्या ऐवजी आणखी मंदावायची. मागे काळ्याकुट्ट धुराचा लोट. ट्रकवाले हॉर्न मारत बाजूनं जायला लागले. "चल माझे बाई, चल," डॉक्टर स्टिअरिंग कुरवाळत म्हणत होते. कशीबशी ती वर आली, नाक्यावरच्या एका ढाब्यापुढं पोचली, दोनदा खोकली आणि तिनं बसकण मारली.

काकू उतरल्या, ढाब्यावरच्या बाजेवर जाऊन बसल्या आणि पिशवी मांडीवर घेऊन रस्त्याकडं बघत राहिल्या. त्या चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

डॉक्टरांची फेरी झाली. ताप बघून झाला. स्टेथोस्कोप लावून त्यांनी मला गाडी चालू करायला सांगितलं. ती चालू व्हायची, घुसमटल्यासारखी धडधडायची आणि मरायची. मागं जाऊन त्यांनी धुराचा वास घेतला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मॅडम, वास निराळाच हाय. करपल्यावानी, पण गोड. असा वास मी उभ्या जन्मात घेतला न्हाई."

शेजारी गॅरेज होतं. तिथले भाई हात पुसत आले. नव्या गाड्यांचा माणूस. हातात मोबाइलएवढं यंत्र आणि त्याला लोंबणारी वायर. "मशीन लावतो, दोन मिनटात एरर दाखवतंय," म्हणत ते स्टिअरिंगखाली वाकले आणि वायर कुठं खुपसायची ते शोधत बराच वेळ तसेच राहिले. शेवटी बाहेर आले. "डॉक्टरसाब, इसमे तो जागाच न्हाई. बोनेट खोलो."

"निदान चालू हाय."

"अरे, खोले बिगर निदान कैसा होगा? पेट्रोल पंप गेलाय हिचा, मी लिहून देतो."

"पंप गेला असता तर धूर कुठनं आला असता? उपाशी जनावर शेण टाकतंय का?"

भाईंनी यंत्राची वायर गुंडाळून खिशात घातली. मला घड्याळ दिसत होतं. कड्याहून काकूंच्या भावाचा फोन आला. बायका जमल्या होत्या, पाळणा सजला होता. "अक्का, कशातून निघालीस?" एवढंच त्यानं विचारलं. काकू म्हणाल्या, "येते." फोन ठेवला आणि डोळ्यांना पदर लावला. पाटोद्याकडं जाणारी एक एस.टी. समोर येऊन थांबली. मी म्हटलं, "काकू, तुम्ही यात बसा. आम्ही येतो मागून." काकू उठल्यासुद्धा.

डॉक्टरांनी ते बघितलं. बायको एस.टी.त चढली की गाडी दारातून गेली, हे त्यांना कळत होतं. पण अडवायला ते पुढे आले नाहीत. ते गाडीच्या तोंडासमोर उकिडवे बसले आणि गोठ्यात विचारायचे तसं, हरलेल्या आवाजात बोलायला लागले. "सांग की गं. काय दुखायलंय? पाणी तर पाजलं तुला. तेल बघितलं. दोन दिसांत अबरचबर काय पोटात गेलं का तुझ्या? कुणी काय चारलं का?"

एस.टी.च्या पायरीवर काकूंचा एक पाय होता. तो तिथंच राहिला. कंडक्टर म्हणाला, "मावशी, चढा न्हाई तर उतरा." काकूंनी गाडीत डोकावलं. आत मोकळी जागा होती. गप्प राहून चढल्या असत्या तर बारसंही मिळालं असतं आणि दारातली ब्यादही गेली असती. मी त्यांच्याकडं बघत होते, म्हणून सांगते, त्यांनी हा हिशेब केला. मग पाय खाली घेतला.

"पुरणपोळी," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी मान वर केली. "काय?"

"पुरणपोळी चारली मी. पोळ्याच्या दिवशी. तूप लावून. तुमी मारुतीच्या देवळापाशी बैलं बघायला गेलतात तवा. हिचं पुढचं झाकण उघडंच टाकून गेलतात. त्या काळ्या डब्याला सोंडेवानी तोंड हाय, त्यात."

"अगं, ते तोंड न्हाई! नाक हाय ते! हवा ओढायचं नाक!"

"मला काय ठावं? तुमीच आवतण दिलंत ना हात जोडून? आवतण देऊन दारातल्याला उपाशी ठेवत्यात का कुठं?"

भाईंनी तोंडात रुमाल कोंबला. डॉक्टर मात्र हसले नाहीत. ते ताडकन उठले, त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी पुढाऱ्याच्या वेळीही पाहिलं नव्हतं. "बघा!" ते ओरडले. "खाण्यातच आलं! मी म्हणत नव्हतो? झालं निदान. आता उघडा पोट!"

बोनेट उघडलं. डॉक्टरांनी बॅगेतून गुरांचा लांब चिमटा काढला, पण चिमट्यात पोळीचा तुकडाच यायचा आणि बाकीची आत सरकायची. भाईंचा पंजा रुंद. माझा हात सोंडेत गेला, पण आत बोटं वळेनात. तेव्हा काकूंनी हातातल्या बांगड्या कोपराकडं सारल्या आणि मनगटापर्यंत हात आत घातला. घास अडकलेल्या वासराच्या घशात हात घालतात तसा. त्या ओढत होत्या आणि डॉक्टर शेजारी उभं राहून म्हणत होते, "दमानं. दमानं घे. दुखंल तिला." पोळी निघाली. अर्धी पोळी, अर्धं काळं तेल. पुरणाचा शेवटचा गोळा काही सुटेना, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "ऱ्हाऊ दे, तेवढं ती पचवील."

गाडी चालू झाली. धडधड नाही, घुसमट नाही. भाईंनी टाळ्या वाजवल्या. हात धुवायला वेळच नव्हता. काकू आत बसल्या आणि मांजरसुंबा ते कडा या सगळ्या रस्त्यावर आम्ही करपलेल्या पुरणाचा वास सोडत गेलो. पाटोद्यात एका चहावाल्यानं चक्क हातातलं काम थांबवून हवेत नाक वर केलं.

कड्याला पोचलो तेव्हा बायका पाळण्याची गाणी म्हणून म्हणून दमल्या होत्या आणि दोघीतिघी 'आता कुणीतरी उरकून घ्या' म्हणत होत्या. दारात गाडीचा आवाज आला आणि काकूंचा भाऊ उघड्या पायांनी बाहेर धावला. "अक्का गाडीतून आली!" तो आत बघून ओरडला. "तिच्या तिच्या गाडीतून आली!" नाव ऐकायला बसलेल्या निम्म्या बायका गाडी बघायला बाहेर आल्या. डॉक्टर बोनेटवर हात ठेवून उभे होते, आणि मी सांगते, नवरदेव काय उभा राहील असे.

काकूंनी हात धुतले होते, पण ते जुनं तेल साबणाला दाद देणारं नव्हतं. त्या पाळण्यावर वाकल्या, हाताची ओंजळ करून बाळाच्या कानाशी नेली आणि त्यांनी नाव सांगितलं. बाळाच्या गालावर काळा ठिपका उमटला. बाळाची आई पदरानं पुसायला गेली, तशी एक म्हातारी म्हणाली, "पुसू नको गं. तीट हाय ती." सगळ्या हसल्या. काकू रडत होत्या, पण त्याही हसल्या.

दिवस कलायच्या आत आम्ही परत निघालो. गाडी धावत होती. पाटोदा मागे पडलं. मग समोर रस्त्याकडंच बघत डॉक्टर म्हणाले, "मला वाटायचं, तुला ती सवतीवानी वाटती."

"सवतच हाय," काकू म्हणाल्या. "पण तुमचा जीव हाय तिच्यात. सणाच्या दिवशी तिला उपाशी ठेवलं असतं, तर तुमाला घास गेला असता का?"

थोडं अंतर गेलो आणि गाडीचा वेग कमी झाला. रस्त्याच्या कडेला, बाभळीपाशी ती थांबली. सवयीनं माझा हात दाराच्या कडीवर गेला. काकू मागून पुढे वाकल्या. "आता काय झालं हिला?"

"तिला काय न्हाई झालं," डॉक्टर म्हणाले. त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसायला लागले. "मलाच दिसंना झालंय."